चयापचय लक्षणसमूह : निदानाच्या कसोट्या आणि शहापूर-मुरबाडचा ग्रामीण माणूस



हिवतापाचे निदान करावयाचे झाल्यास रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात हिवतापाचा परोपजीवी सापडला तर हिवताप आहे, असे ठरते. क्षयरोगाच्या बाबतीतही थुंकीत जंतू सापडला की वादाला जागा उरत नाही. पण काही विकार असे आहेत की, ज्यांना जंतू नाही, गाठ नाही, वेदना नाही. तेथे काही मोजमापे घ्यावी लागतात आणि त्या मोजमापांवर कोठेतरी एक रेषा आखावी लागते. रेषेच्या अलीकडे निरोगी, पलीकडे रोगी. ही रेषा माणसे आखतात. म्हणून ती निरनिराळ्या ठिकाणी आखली जाऊ शकते. चयापचय लक्षणसमूह हा अशा विकारांतील एक प्रमुख विकार होय. इंग्रजीतील ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ हे नाव आता वैद्यकीय अधिकाऱ्यांप्रमाणेच आशा कार्यकर्तींच्याही कानांवर येऊ लागले आहे. त्याच्या निदानाच्या निरनिराळ्या कसोट्या कोणत्या, त्यांत फरक कोणता आणि त्या फरकामुळे शहापूर-मुरबाडच्या ग्रामीण माणसाच्या बाबतीत काय घडू शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बदलते ग्रामजीवन

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण व आदिवासी जीवनाचा मोठा भाग शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत उरला. एका बाजूस माहुलीचा डोंगर व कसाऱ्याचा घाट, तर दुसऱ्या बाजूस माळशेज आणि नाणेघाट. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी आणि आगरी ही येथील वस्ती. खाचरांत भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई, ही येथील जुनी शेती. राब भाजणे, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी अशी अंगमेहनत वर्षाचा मोठा भाग चालत असे. या भागातील आरोग्ययंत्रणेसमोर दीर्घकाळ उभे राहिलेले प्रश्नही त्याच जीवनातून आलेले होते : बालकांचे कुपोषण, हिवताप, क्षय, सर्पदंश आणि बाळंतपणातील धोके. हे प्रश्न आजही संपलेले नाहीत.

परंतु त्यांच्या शेजारी आता दुसरे प्रश्न येऊन बसले आहेत. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. मोडकसागर आणि भातसा यांची भर पुढे पडली. पाण्यामागून माणसेही मुंबईकडे जाऊ लागली. आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा येथून पहाटेच्या लोकलने निघून रात्री परतणारा नोकरदार, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा कामगार, भिवंडीच्या परिसरातील गोदामांत उभा राहणारा तरुण, हे आता ग्रामीण ठाण्याचेच रहिवासी आहेत. त्यांची अंगमेहनत घटली, झोपेची वेळ बदलली. नाचणीच्या भाकरीच्या जागी पांढरा तांदूळ, वडापाव, बिस्किटे आणि दिवसातून अनेकदा गोड चहा आला. हा बदल पाड्यांपर्यंतही पोहोचला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिअॅब’ या पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. शहरी भागात ते १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. मधुमेह हा केवळ शहरी सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत या आकड्यांनीच दूर केली. याच पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार मधुमेह ११.४ टक्के, मधुमेहपूर्व अवस्था १५.३ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला.

एका मुळाच्या अनेक फांद्या

वाढलेले पोट, वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि रक्तातील स्निग्धांशाचा बिघाड ही लक्षणे पुष्कळदा एकत्र दिसतात, हे निरीक्षण जुने आहे. स्वीडनमधील किलीन यांनी १९२३ मध्ये रक्तदाब, साखर व संधिवाताचा एक प्रकार यांचे साहचर्य नोंदविले. फ्रान्समधील व्हाग यांनी १९४७ मध्ये शरीरातील चरबी कोठे साठते याला महत्त्व आहे, असे दाखविले. १९८८ मध्ये अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी या सर्वांना एका सूत्रात गोवले आणि त्या समूहास ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. ते सूत्र म्हणजे इन्सुलिनला होणारा प्रतिरोध.

इन्सुलिन हा रक्तातील साखर पेशींच्या आत घेण्याचा संदेश देणारा स्राव आहे. दाराशी उभे राहून हाक मारणाऱ्याला घरातून दाद मिळेनाशी झाली की तो अधिक मोठ्याने हाक मारतो. त्याप्रमाणे पेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते. काही वर्षे साखर काबूत राहते; पण त्या अवधीत इतर बिघाड सुरू झालेले असतात. आतडी आणि यकृत यांच्याभोवतीची चरबी या बिघाडात भर घालते. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले यकृतात जातात, यकृत अधिक ट्रायग्लिसराइड तयार करते, रक्तवाहिन्यांना उपकारक असे एच.डी.एल. कोलेस्टेरॉल घटते आणि यकृतातून साखरही अधिक बाहेर पडते. शेवटी स्वादुपिंड थकते व मधुमेह उघड होतो. हृदयविकार आणि पक्षाघात यांची तयारी त्याआधीच सुरू झालेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रीव्हन यांनी आपल्या मूळ वर्णनात स्थूलपणाचा समावेश केला नव्हता. सडपातळ माणसातही इन्सुलिन-प्रतिरोध असू शकतो, हे त्यामागील कारण होते. पुढे कसोट्या तयार होताना वादाचा मुख्य मुद्दा हाच ठरला.

चार कसोट्या

पहिली महत्त्वाची कसोटी जागतिक आरोग्य संघटनेची, १९९९ ची. तिच्यात प्रवेशद्वारच इन्सुलिन-प्रतिरोधाचे आहे. मधुमेह, ११० मि.ग्रॅ. किंवा त्याहून अधिक उपाशीपोटीची साखर, ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीतील बिघाड, अथवा विशेष चाचणीने सिद्ध झालेला प्रतिरोध, यांपैकी एक गोष्ट असलीच पाहिजे. त्यानंतर पुढील चारांपैकी दोन गोष्टी हव्यात : १४०/९० किंवा अधिक रक्तदाब, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक अथवा एच.डी.एल. पुरुषांत ३५ पेक्षा व स्त्रियांत ३९ पेक्षा कमी. कमर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर पुरुषांत ०.९० पेक्षा व स्त्रियांत ०.८५ पेक्षा अधिक, अथवा शरीरभार निर्देशांक ३० पेक्षा अधिक. आणि लघवीत अल्प प्रमाणात प्रथिन जाणे. शास्त्रीय दृष्टीने ही कसोटी मुळाजवळ जाते. परंतु इन्सुलिन-प्रतिरोधाची विशेष चाचणी तालुक्याच्या ठिकाणीही होत नाही, मग उपकेंद्राची गोष्टच नको.

दुसरी कसोटी अमेरिकेतील राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाची, २००१ ची. ती ‘एटीपी-३’ या नावाने ओळखली जाते. तिने प्रवेशद्वार काढून टाकले आणि पाच साध्या गोष्टींपैकी कोणत्याही तीन पुरेशा मानल्या : कमरेचा घेर पुरुषांत १०२ सें.मी. पेक्षा व स्त्रियांत ८८ सें.मी. पेक्षा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एच.डी.एल. पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. आणि उपाशीपोटीची साखर ११० किंवा अधिक. २००५ मध्ये साखरेची मर्यादा ११० वरून १०० वर आणण्यात आली. या कसोटीची सोय मोठी. पण कमरेची मापे मात्र अमेरिकन माणसाच्या बांध्याची.

तिसरी कसोटी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची, २००५ ची. तिने दोन गोष्टी केल्या. निरनिराळ्या वंशांच्या लोकांसाठी कमरेची निरनिराळी मापे ठरविली. दक्षिण आशियातील पुरुषांसाठी ९० सें.मी. व स्त्रियांसाठी ८० सें.मी. भारतीयांच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होय. परंतु त्याबरोबरच वाढलेली कमर ही अट सक्तीची केली. कमर मर्यादेत असेल तर उरलेल्या चारही गोष्टी बिघडलेल्या असल्या तरी निदान होत नाही. कमर वाढलेली असेल तर उरलेल्या चारांपैकी दोन पुरेत.

चौथी कसोटी २००९ ची. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ, अमेरिकेच्या हृदयविषयक संस्था, जागतिक हृदय महासंघ व इतर संस्था यांनी एकत्र येऊन ती जाहीर केली. कमरेची सक्ती तिने काढून टाकली. पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी पुरेशा मानल्या. कमरेची मापे मात्र त्या त्या लोकसमूहाची ठेवली. साखर १०० पासून धरली. रक्तदाब, साखर किंवा स्निग्धांश यांवर औषध सुरू असेल तर आजचे माप चांगले असले तरी ती गोष्ट बिघडलेलीच धरावी, असेही तिच्यात आहे. आज सर्वसाधारणपणे हीच कसोटी अधिक वापरली जाते.

तीन माणसे

नियम नुसते वाचून त्यांतील फरक समजत नाही. म्हणून समजुतीसाठी तीन काल्पनिक माणसे घेऊ. मापे कल्पिलेली असली तरी अशी माणसे कोणत्याही शिबिराच्या रांगेत भेटतील.

पहिला माणूस आसनगावजवळच्या खेड्यातील, वय ४६, रोज लोकलने कामाला जाणारा. कमर ९३ सें.मी., रक्तदाब १३४/८६, ट्रायग्लिसराइड १६८, एच.डी.एल. ४२, उपाशीपोटीची साखर १०४. दुसरी बाई टोकावड्याकडील डोंगरपाड्यावरची, वय ४१, उंची १४६ सें.मी., अंगाने बारीक. कमर ७६ सें.मी., रक्तदाब १३८/८८, ट्रायग्लिसराइड १८२, एच.डी.एल. ४१, साखर ९७. तिसरा किन्हवलीकडील शेतकरी, वय ५२. त्याला मधुमेह असून गोळ्या सुरू आहेत. कमर ८६ सें.मी., कमर-नितंब गुणोत्तर ०.९५, रक्तदाब १४४/९२, ट्रायग्लिसराइड १४०, एच.डी.एल. ४३.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीत पहिला आणि दुसरी या दोघांना उपाशीपोटीच्या साखरेवर प्रवेशच मिळत नाही. तिसरा मात्र बसतो. कारण मधुमेह आहे, रक्तदाब १४०/९० च्या वर आहे आणि गुणोत्तर ०.९० च्या वर आहे. २००१ च्या अमेरिकन कसोटीत पहिल्याच्या दोनच गोष्टी भरतात, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड. म्हणून तो बाहेर. तिसऱ्याच्याही दोनच, साखर आणि रक्तदाब, तोही बाहेर. बारीक अंगाची बाई मात्र तीन गोष्टींमुळे आत येते. महासंघाच्या २००५ च्या कसोटीत बाईची कमर ८० पेक्षा कमी असल्याने तिचा विचारच होत नाही. शेतकऱ्याचाही होत नाही. लोकलने जाणारा नोकरदार तेवढा सापडतो. २००९ च्या संयुक्त कसोटीत नोकरदार व बाई दोघेही येतात आणि शेतकरी बाहेर राहतो.

पहिल्या तिन्ही कसोट्यांचा अहवाल एकच येईल : तीन माणसांपैकी एक. तीन अहवाल शेजारी ठेवले तर आकडे तंतोतंत जुळतात, असे वाटेल. पण प्रत्येक अहवालातील तो ‘एक’ वेगळा आहे. नोकरदाराच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. २००५ मध्ये अमेरिकन कसोटीतील साखरेची मर्यादा १०० झाली, तेव्हा तो तिच्यातही बसला. त्याच्या शरीरात काहीही बदललेले नव्हते; रेषा हलली होती.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. चेन्नई येथील ‘क्युअर्स’ या पाहणीतील २,३५० व्यक्तींना तीन कसोट्या लावून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीने २३.२ टक्के, अमेरिकन कसोटीने १८.३ टक्के आणि महासंघाच्या कसोटीने २५.८ टक्के व्यक्तींत हा लक्षणसमूह आढळला. तिन्ही कसोट्यांत सापडलेल्या व्यक्ती मात्र केवळ २२४, म्हणजे १० टक्क्यांच्याही आत होत्या. एका तालुक्याचा अहवाल एका कसोटीने आणि दुसऱ्याचा दुसरीने तयार झाला, तर त्यांची तुलना करून निधी, औषधे किंवा मनुष्यबळ यांची वाटणी करणे किती फसवे ठरेल, हे यावरून ध्यानात येईल.

बारीक अंग, आतील चरबी

डोंगरपाड्यावरच्या त्या बाईकडे पुन्हा वळले पाहिजे; कारण ग्रामीण ठाण्याच्या दृष्टीने तिचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. सडपातळ व्यक्तीत हे बिघाड का व्हावेत, या प्रश्नावर महाराष्ट्रातच मूलभूत काम झालेले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची बालके यांचा अभ्यास केला. त्या बालकांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. परंतु वजनात एवढा फरक असूनही भारतीय बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू आणि इतर अवयव लहान, चरबी मात्र राखलेली, अशी ती ठेवण होती.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. तराजू आणि उंचीची पट्टी यांना जे दिसत नाही, ते या एका छायाचित्राने जगापुढे ठेवले.

त्यामुळेच भारतीयांसाठी मापे खाली आणली गेली. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शरीरभार निर्देशांक २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासून स्थूलपणा धरावा, असे सुचविले. पण कमरेचा ८० व ९० सें.मी. चा आकडाही उंचीचा विचार करीत नाही. १४६ सें.मी. उंचीच्या बाईला आणि १६५ सें.मी. उंचीच्या बाईला तो एकच आकडा लावतो. म्हणून कमर उंचीच्या निम्म्याहून अधिक नसावी, हा दुसरा सोपा नियम आता पुढे आला आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये त्याची शिफारस केली. या नियमाने पाहिले तर त्या बाईची उंची १४६, निम्मे ७३. तिची कमर ७६. जिला फीत निरोगी म्हणत होती, तिच्याबद्दल तीच फीत आता सावधगिरीची सूचना देते.

आणखी एक बाब. ‘इंडिअॅब’ पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील व्यक्तींच्या रक्तातील स्निग्धांश तपासण्यात आले; त्यांपैकी ७२.३ टक्के व्यक्तींत एच.डी.एल. कमी आढळले. म्हणजे पाच गोष्टींपैकी एक पुष्कळांच्या बाबतीत आधीच बिघडलेली असते. अशा समाजात रक्तदाब थोडा वाढणे किंवा साखर थोडी चढणे ही क्षुल्लक बाब मानून चालणार नाही.

नाव मोठे की माप मोठे?

आता किन्हवलीकडील शेतकऱ्याचा विचार करू. चारपैकी तीन कसोट्या त्याला लक्षणसमूह नाही, असे सांगतात. पण त्याला मधुमेह आहे आणि रक्तदाबही वाढलेला आहे. त्याच्या हृदयाला, मूत्रपिंडाला व डोळ्यांना असलेला धोका कोणत्याही कसोटीने कमी होत नाही. शिबिरातील कागदावर ‘लक्षणसमूह नाही’ असा शेरा पाहून तो गोळ्या सोडून देईल, तर त्या शेऱ्याने त्याचे अहितच केले, असे म्हणावे लागेल.

तज्ज्ञांनीही हा धोका ओळखला आहे. २००५ मध्ये अमेरिका व युरोप येथील मधुमेहविषयक संस्थांनी संयुक्त निवेदन काढून या निदानाच्या उपयुक्ततेबद्दल शंका व्यक्त केली आणि लक्षणसमूह असो वा नसो, प्रत्येक बिघाडावर स्वतंत्रपणे उपचार करावेत, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानेही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात, निदान किंवा उपचार यांचे साधन म्हणून या संकल्पनेचा व्यवहारी उपयोग मर्यादित आहे, असे मत दिले. ज्यांना मधुमेह वा हृदयविकार जडलेला आहे, त्यांच्या बाबतीत हे नाव नवे काही सांगत नाही. त्याचा खरा उपयोग आहे तो अद्याप रोग न जडलेल्या, पण त्या वाटेवर असलेल्या माणसाला वेळीच ओळखण्यासाठी. नोकरदार आणि डोंगरपाड्यावरची बाई ही अशी माणसे होत. त्यांना आज औषधापेक्षा चालणे, आहार, तंबाखूपासून मुक्तता आणि ठरावीक मुदतीने तपासणी यांची गरज अधिक आहे. आणि ते वेळीच झाले तर मधुमेह लांबविता, कित्येकदा टाळताही येतो.

गावपातळीवर काय शक्य आहे

या सर्व कसोट्यांतील कमर, रक्तदाब आणि साखर ही तीन मापे गावातच घेता येतात. ट्रायग्लिसराइड व एच.डी.एल. यांसाठी रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील व्यक्तींचा जो तक्ता भरते, त्यात कमरेची मापे स्त्रियांसाठी ८० व पुरुषांसाठी ९० सें.मी. हीच धरलेली आहेत. वय, तंबाखू, मद्य, कमर, व्यायाम आणि कुटुंबातील रोग यांचे गुण मिळून चारांपेक्षा अधिक झाले की त्या व्यक्तीची तपासणी अग्रक्रमाने करावयाची असते. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र तक्त्यावर कमी गुण पडले म्हणून बारीक अंगाच्या माणसाचा रक्तदाब न घेताच त्याला परत पाठविणे योग्य नव्हे. वयाची तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर पाहिलीच पाहिजे.

माप घेण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध फीत आडवी धरावी. माणसाने पावले जुळवून, हात सोडून उभे राहावे. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी नेमक्या याच ठिकाणी येतात. त्यांवरून फीत फिरविली तर दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक सहज पडतो आणि ७९ ची ८२ होते. म्हणून स्त्रियांची मापे आडोशाला, स्त्री कार्यकर्तीनेच घ्यावीत. रक्तदाब घेण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. पाड्यावरून चढ-उतार करून आलेल्याचा रक्तदाब लगेच घेऊ नये आणि एकाच मापावर निर्णय देऊ नये. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तासांचा उपास हवा. सकाळी घेतलेला गोड चहा हा उपास मोडतो, हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलेले असावे.

वेळ निवडतानाही स्थानिक जीवनाचा विचार हवा. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात भरविलेल्या शिबिरात ती सापडणारच नाहीत. आवणी आटोपल्यावर आणि कापणीपूर्वी जो अवधी मिळतो, तो त्यांच्यासाठी योग्य होय. प्रत्येकाच्या हाती त्याच्या मापांचे कार्ड असावे, म्हणजे भिवंडी-कल्याणकडील भट्टीवर असतानाही जवळच्या दवाखान्यात ते दाखविता येईल.

अधिकारीवर्गाने अहवालात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच न लिहिता मूळ मापे नोंदवावीत आणि कोणत्या वर्षाची कोणती कसोटी लावली, ते वर स्पष्ट लिहावे. मूळ मापे असतील तर उद्या रेषा हलली तरी जुनी नोंद वाया जात नाही. त्याच मापांना नवी कसोटी लावून पाहता येते.

शिक्षकांकडे वेगळी शक्ती आहे. फीत वाचणे, सरासरी काढणे, आलेख मांडणे हे गणिताचे पाठ मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांची कमर व उंची मोजून शिकविता येतील. निम्म्याचा नियम चौथीच्या मुलालाही कळतो. घरी आलेले माप आईवडिलांना उपकेंद्रापर्यंत नेईल. मात्र कोणाच्याही शरीराची वर्गात चेष्टा होणार नाही, याची दक्षता शिक्षकांनीच घ्यावयाची आहे.

पंचायतींचे काम दूरच्या परिणामाचे आहे. पुण्याच्या अभ्यासाचा अर्थ असा की, मधुमेहाचा प्रतिबंध गर्भवती मातेच्या ताटापासून सुरू होतो. अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. तिच्याकडे केवळ कुपोषण निर्मूलनाची योजना म्हणून न पाहता, पुढील पिढीच्या मधुमेह व हृदयविकार यांच्या प्रतिबंधाची योजना म्हणूनही पाहावयास हवे. कुपोषण आणि मधुमेह हे येथे परस्परविरोधी प्रश्न नाहीत. एकाच घरात, कित्येकदा एकाच व्यक्तीच्या आयुष्यात ते एकामागून एक येतात. वरकस जमिनीतील नाचणी व वरई यांना प्रोत्साहन, ग्रामसभेच्या व लग्नकार्याच्या चहापानातील साखरेवर लगाम, गावात सायंकाळी स्त्रियांनाही निर्भयपणे चालता येईल असा उजेडाचा रस्ता, या गोष्टी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत ठरू शकतात.

कसोट्या पुढेही बदलतील. नव्या पाहण्या होतील, नवे आकडे येतील. तोपर्यंत टोकावड्याच्या पाड्यावरची बाई शिबिराच्या रांगेत उभी राहील, तेव्हा तिच्या बारीक अंगाकडे पाहून तिला घरी पाठवू नये. तिला पाच मिनिटे बसवावे, रक्तदाब नीट घ्यावा, साखर पाहावी, रक्ताचा नमुना तालुक्याला पाठवावा आणि आलेले प्रत्येक माप तिच्या कार्डावर लिहून, त्याचा अर्थ तिच्या बोलीत तिला सांगावा. एवढे झाले तर कोणत्या कसोटीने तिला काय नाव दिले, याला फारसे महत्त्व उरणार नाही.